सारखं सारखं दवाखान्यात जावं लागतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खान्देशात तालुक्याच्या एका गावी माझा दवाखाना आहे. साधी जनरल प्रॅक्टिस. महिन्यातून चार-पाचदा येणारे काही पेशंट इथल्या प्रत्येक डॉक्टरकडे असतात, तसे माझ्याकडेही आहेत. त्यांच्याबद्दल सगळ्यांनाच काही ना काही विचारायचं असतं: सुनांना, सुरतेला कामाला असलेल्या मुलांना, माझ्या कंपाउंडरला आणि कधी कधी खुद्द पेशंटलाही. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. हे वाचून कुणी आपली चालू औषधं स्वतःहून बदलू नयेत.

किती वेळा गेलं म्हणजे ‘फार’ झालं?

ठरलेला आकडा नाही. अभ्यास करणारे लोक साधारणपणे एका वयोगटातले, एकाच लिंगाचे पेशंट घेतात आणि वर्षभरात सगळ्यांत जास्त वेळा आलेले वरचे १० टक्के बाजूला काढतात. म्हणजे साठीच्या बाईची तुलना साठीच्याच बायांशी व्हायला हवी, पंचविशीच्या पोराशी नव्हे. युरोपातल्या अभ्यासांत असं दिसलं आहे की हे १० टक्के लोक फॅमिली डॉक्टरच्या एकूण भेटींपैकी एक तृतीयांश ते निम्म्या भेटी घेतात. माझ्याकडच्या केस पेपरांचे गठ्ठे पाहिले तर मला त्यात नवल वाटत नाही.

मात्र शिक्का मारायची घाई करू नये. नेदरलँड्समध्ये अशा पेशंटांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला, तेव्हा एका वर्षी यादीत असलेल्यांपैकी सातांतला साधारण एकच सलग तीन वर्षं यादीत टिकला. बाकीच्यांचं ते एक वर्ष वाईट गेलेलं असतं. कुणाचा नवरा गेला, कुणाचं पिशवीचं ऑपरेशन झालं, कुणाच्या मुलीची सोडचिठ्ठी चालली होती. ते सरलं की येणंही कमी होतं.

आमच्याकडे शिवाय आठवडे बाजाराचा हिशेब असतो. खेड्यावरून एसटीनं बाजाराला आलेला माणूस भाजी, बियाणं, बँकेतलं काम आणि डॉक्टर एकाच फेरीत उरकतो. बीपी मोजून घेतो, दोन गोष्टी बोलतो, जातो. त्याला मी वारंवार येणारा पेशंट धरत नाही. गरोदर बाई, लसीकरणाचं बाळ, ड्रेसिंगला येणारा, टीबीचा कोर्स चालू असलेला, यांनाही नाही. त्यांना आम्हीच बोलावलेलं असतं.

ही माणसं ढोंग करतात का?

नाही. खोटं दुखणं सांगणारा पेशंट असतो, पण तो सर्टिफिकेटसाठी एकदा येतो, कागद घेतो आणि जातो. बाकावर दोन तास बसून, पदरचे पैसे मोडून दर आठवड्याला ढोंग करायची हौस कुणाला नसते.

मग सगळे रिपोर्ट नॉर्मल असताना दुखतं कसं?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो, आणि बहुतेक वेळा रागानं येतो.

रिपोर्टमध्ये अवयवाची रचना दिसते, रक्तातलं एखाद्या घटकाचं प्रमाण दिसतं. तो अवयव दिवसभर कसा वागतो आणि मेंदू त्याच्याकडे किती लक्ष ठेवून असतो, हे कागदावर उमटत नाही. माणूस घाबरला की श्वास भराभर चालतो. रक्तातला कार्बन डायऑक्साईड कमी होतो आणि तेवढ्यानं ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, हात आखडतात, डोकं हलकं होतं. त्याच वेळी अ‍ॅड्रेनलिनमुळे छाती धडधडते. आता हे रात्री दोन वाजता झालं, शेजारचा माणूस मागच्याच महिन्यात हार्ट अटॅकनं गेलेला असला, तर पेशंट पळत दवाखाना गाठणारच. ईसीजी काढेपर्यंत श्वास शांत झालेला असतो. ईसीजी नॉर्मल येतो. पण मुंग्या खऱ्या होत्या, धडधड खरी होती.

मान-खांदे महिनोन्‌महिने ताठ राहिले की डोक्याला पट्टा आवळल्यासारखं दुखतं. काळजीनं आतड्यांची हालचाल बदलते: कुणाला जुलाब, कुणाला गॅस, कुणाला पोटात गोळा. आणि एखादी जागा फार दिवस दुखत राहिली तर मज्जासंस्था त्या जागेपुरती हळवी होते, साधा स्पर्शही दुखू लागतो.

अमेरिकेतल्या मानसोपचार तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ मध्ये मानसिक आजारांचं वर्गीकरण नव्यानं मांडलं, तेव्हा अशा शारीरिक तक्रारींच्या गटातली एक जुनी अट काढून टाकली. आधी ‘शारीरिक कारण सापडत नाही’ हे निदानाला महत्त्वाचं होतं. आता लक्षणाची काळजी किती, त्यात दिवसाचा किती वेळ आणि जीव जातो, हे पाहतात. मला हा बदल पटतो. शुगर असलेल्या, अँजिओप्लास्टी झालेल्या माणसालाही हा त्रास असू शकतो, आणि ‘एक तर शरीराचा नाहीतर मनाचा’ असा वाद घालत बसावं लागत नाही.

‘तुम्हाला काहीही झालेलं नाही’ हे वाक्य मात्र डॉक्टरांनी टाळावं. पेशंट ते ऐकतो, मान डोलावतो आणि दुसऱ्या दिवशी जळगावच्या किंवा धुळ्याच्या डॉक्टरचा नंबर लावतो.

पण खरंच काही आजार राहून गेला असेल तर?

ही भीती रास्त आहे, आणि माझ्या मते या प्रश्नाला पहिला मान हवा. ‘रोजचीच आहे’ म्हणून ज्या बाईचं पोट कुणी हात लावून तपासलं नाही, तिचंच काहीतरी सुटतं. इंग्लंडमध्ये २०२५ मध्ये फॅमिली डॉक्टरांसाठी एक नियम आणला: त्याच तक्रारीसाठी पेशंट तिसऱ्यांदा आला आणि निदान झालेलं नसेल, किंवा त्रास वाढत असेल, तर थांबून सगळं पहिल्यापासून पाहायचं. ते लागू करायला आपल्याला कुणाच्या परिपत्रकाची गरज नाही.

आमच्या भागात मी काय पाहतो ते सांगतो. थकवा आणि अंगदुखी असेल तर हिमोग्लोबिन, थायरॉईड, शुगर, बी-१२. दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळची कणकण किंवा वजन उतरणं असेल तर थुंकीची तपासणी. महिनोन्‌महिने एकाच जागी दुखणारी पाठ म्हणजे मणक्याचा टीबीही असू शकतो. जाड मानेचा, मोठ्यानं घोरणारा, दिवसा बाकावर बसल्या बसल्या डुलक्या घेणारा माणूस ‘अशक्तपणा’ सांगत येतो, त्याचा श्वास झोपेत अडत असतो. आणि औषधं! रामिप्रिल, एनालाप्रिल या बीपीच्या गोळ्यांनी कोरडा खोकला येतो, अ‍ॅम्लोडिपिननं पायाला सूज येते, शुगरच्या मेटफॉर्मिननं पोट बिघडतं. खोकल्याला सिरप, सुजेला लघवीची गोळी, पोटाला आणखी एक गोळी असं सुरू झालं की पेशंटच्या फेऱ्या आपण आपल्या हातानंच वाढवतो.

सिकलसेलबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण हा आपल्याच दारातला आजार आहे. नंदुरबार जिल्ह्यातले धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर, तसंच सातपुड्याच्या पायथ्याचे शिरपूर, चोपडा, यावल हे पट्टे. भिल्ल, पावरा आणि इतर आदिवासी समाज. तरुण पोरगा सारखा हातपाय दुखतात म्हणून येतो. ऊसतोडीला किंवा सुरतेकडे कामाला जातो, तिथून अर्ध्यातून परत येतो. घरचे म्हणतात कामचुकार आहे. डोळे जरा पिवळे दिसतात, तर कावीळ समजून झाडपाला होतो. या आजारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य कळा येतात. पाणी कमी पडलं, थंडी वाजली, ताप आला, अंगमेहनत फार झाली की जास्तच. सोल्युबिलिटी नावाची साधी चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवर होते. ती पॉझिटिव्ह आली तर पुढच्या तपासणीत कळतं की माणूस फक्त वाहक आहे की रुग्ण. वाहकाला सहसा काही त्रास नसतो, लग्न ठरवताना मात्र दोघांची तपासणी महत्त्वाची, कारण दोघं वाहक असले तर मूल रुग्ण जन्मण्याची शक्यता प्रत्येक खेपेला २५ टक्के. हायड्रॉक्सियुरिया या गोळीनं कळांचे झटके कमी होतात. १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, त्यात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी धरली आहे. नंदुरबारकडचा, सारखा अंगदुखी सांगणारा पेशंट ही तपासणी केल्याशिवाय ‘मानसिक’ ठरवणं मला मान्य नाही.

आई एका सलाईनशिवाय घरी यायला तयार नसते. लावून टाकावी का?

“साहेब, सुई मारी द्या ना, आंग दुखस.” हे मी रोज ऐकतो. गोळीला औषध न मानणारी एक अख्खी पिढी आमच्याच धंद्यानं तयार केली आहे, त्यामुळे एकट्या पेशंटला दोष देण्यात अर्थ नाही.

सलाईनच्या बाटलीत काय असतं ते समजून घ्या. साध्या सलाईनच्या ५०० मिलीच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, म्हणजे जेमतेम एक चमचा. ‘ग्लुकोज’ लावलं तर पाच टक्क्यांच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर, पाचेक चमचे. बाकी पाणी. ज्याला तोंडानं खाता-पिता येतं त्याला यातून कसलीही वेगळी ताकद मिळत नाही. उलट हृदय किंवा किडनी कमजोर असलेल्या म्हाताऱ्या माणसाला ते पाणी छातीत भरू शकतं. मे महिन्यात पारा ४५च्या वर असताना शेतात चक्कर येऊन पडलेल्याला, उलट्या-जुलाबांनी कोरड्या पडलेल्याला बाटली लागते, तेव्हा ती जीव वाचवते. दर गुरुवारी लागत नाही.

सुईचं प्रकरण जास्त अवघड. काही ठिकाणी तिच्यात स्टिरॉईड असतं. त्यानं दोन-तीन दिवस खरंच उभारी येते, म्हणून तर पेशंट त्याच दाराशी परत जातो. पुढे शुगर वाढते, चेहरा सुजतो, हाडं ठिसूळ होतात, आणि एकदम बंद केलं तर माणूस गळून पडतो. दुखण्याच्या सुया-गोळ्या सारख्या घेतल्या तर किडनीवर आणि जठरावर भार येतो. सुई नवी, सीलबंद नसेल तर हिपॅटायटीस बी, सी हे वेगळंच संकट.

मग बाटलीचा हट्ट धरणाऱ्या आईला काय द्यायचं? तिला पलंगावर अर्धा तास आडवं पडू द्या. मला बऱ्याचदा असं वाटतं की तिला हवी असते ती पडून राहायची परवानगी. घरी दुपारी आडवी झाली तर सून काय म्हणेल याची धास्ती, आणि इथे डॉक्टरांनीच झोपवलं म्हटल्यावर कुणाची बोलायची हिंमत नाही. कंपाउंडर बीपी मोजतो, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी देतो. सगळ्याजणी ऐकत नाहीत. बऱ्याचजणी ऐकतात.

चार डॉक्टरांची मतं घेतली तर बिघडलं कुठे?

दुसरं मत जरूर घ्यावं. चौथं घेताना आधीच्या तिघांचे कागद सोबत हवेत.

एक मावशी साडीच्या दुकानाची मोठी पिशवी घेऊन येतात. त्यातून एकेक वस्तू टेबलावर मांडतात: गुंडाळी झालेला मणक्याचा एक्स-रे, सोनोग्राफीचा चकचकीत कागद ज्यावरचं चित्र आता पार उडून गेलंय, जळगावच्या लॅबचे लिफाफे, रबरबँड लावलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या. एकदा त्या पट्ट्या आम्ही दोघांनी मिळून लावल्या. पित्तावरच्या पँटोप्राझोलच्याच वेगवेगळ्या नावांच्या चार निघाल्या. दोन डॉक्टरांनी दोन वेगळ्या नावांनी दुखण्याचं एकच औषध दिलेलं होतं आणि मावशी इमानेइतबारे दोन्ही घेत होत्या. “एक कमरेची, एक गुडघ्याची,” असं त्यांचं गणित.

तर एकदा घरातल्या सगळ्या पट्ट्या, अर्ध्या-मुर्ध्यासुद्धा, एका पिशवीत घाला आणि तुमच्या डॉक्टरसमोर ओता. मेडिकलवाल्यानं ‘तात्पुरती’ दिलेली गोळी, आयुर्वेदिक चूर्ण, शेजारणीनं दिलेली झोपेची गोळी, सगळं. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच, त्यावर तापाची गोळी वेगळी घेतली की दुप्पट होतं.

मी सुरतेला असतो. माय गावाकडे एकटीच, आणि आठवड्यातून तीनदा दवाखान्यात जाते. काय करू?

आधी डॉक्टरशी एकदा फोनवर बोला, पण मायला सांगून. तिच्या पाठीमागे बोललात तर तिचा दोघांवरचाही विश्वास उडतो. ऐकू कमी येतं का, मोतीबिंदू आहे का, दात आहेत का, मध्ये कधी पडली का, हे विचारा. ऐकू न येणारी माणसं ओट्यावरच्या गप्पांतून आपोआप बाहेर पडतात आणि कुणाच्या ते लक्षातही येत नाही.

आता दुसरं. रोज रात्री फोन केल्यावर तुम्ही पहिलं काय विचारता? ‘तब्येत कशी शे?’ हेच ना. रोज तोच प्रश्न असेल तर रोज तब्येतीचंच उत्तर मिळणार, आणि तब्येत बरी असली तर फोन दोन मिनिटांत आटोपणार. गुडघा दुखतोय म्हटलं की लेक दहा मिनिटं बोलतो. हे ती मुद्दाम करत नाही, होत जातं. आज भाजी काय केली, बिबडे घातले का, गल्लीत कुणाकडे बाळ झालं, कपाशीला भाव काय लागला हे विचारून पाहा, आणि गुडघ्याचा विषय निघाला नाही तरी तितकंच बोला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. त्या आठवड्यात माझ्या बाकावरच्या नेहमीच्या आज्या दिसत नाहीत. लेकी सासरी परतल्या की पुढच्या बाजारी सगळ्या हजर. ऊन तेच असतं, गुडघेही तेच.

असा पेशंट असेल तर डॉक्टरनं करायचं काय?

तरुण डॉक्टर हे विचारतात, म्हणून त्यांच्यासाठी लिहितो. पेशंटनी वाचलं तरी हरकत नाही.

तारीख द्या. दुखो वा न दुखो, अमुक दिवशी यायचं. ‘काही वाटलं तर या’ हे आपण दिवसभर म्हणत असतो, आणि त्याचा पेशंटच्या बाजूनं अर्थ असा होतो की भेट हवी असेल तर आधी काहीतरी वाटलं पाहिजे. आठवड्याला दोनदा येणारीला सुरुवातीला दर आठवड्याची तारीख द्यावी, मग पंधरा दिवसांची, पुढे महिन्याची. एकदम ‘महिनाभर येऊ नका’ म्हटलं तर ती चौथ्या दिवशी दुसरीकडे सलाईनवर सापडेल.

तारखेला आली की दर वेळी अंगाला हात लावून थोडक्यात तपासा, मग बोला. नवी तपासणी फक्त काही नवं सापडलं तर. अमेरिकेत १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानसोपचार तज्ज्ञांनी अशा पेशंटांच्या डॉक्टरांना फक्त एक पत्र पाठवलं होतं, आणि त्यात साधारण हेच लिहिलं होतं: चार-सहा आठवड्यांनी ठरलेली भेट, दर वेळी तपासणी, गरज नसलेल्या चाचण्या आणि ऑपरेशनं नकोत, ‘सगळं तुमच्या डोक्यात आहे’ असं म्हणायचं नाही. पेशंटवरचा खर्च निम्म्याहून खाली आला आणि तब्येत काही बिघडली नाही. एका पत्राचा इतका परिणाम करणारं दुसरं औषध मला माहीत नाही.

मी अशा तारखा दुपारच्या ठेवतो, ओपीडीची गर्दी ओसरल्यावर. भर गर्दीत बाहेर बाळ रडत असताना कुणी आपल्या घरातलं सांगत नाही. आणि पेशंट उठल्यावर, पडद्याला हात लावून मागे वळून जे बोलतो त्यासाठी दोन मिनिटं राखून ठेवा. “आणि साहेब, एक विचारायचं होतं…” बहुतेक वेळा तो त्या वाक्यासाठीच आलेला असतो.

कंपाउंडरलाही सांगून ठेवा. ‘परत आल्या का आजी?’ एवढ्या एका वाक्यानं महिन्याची मेहनत वाया जाते.

डॉक्टर, खरं सांगा, तुम्हाला वैताग येत नाही?

येतो. संध्याकाळी सातला, चाळीस पेशंट झाल्यावर, ती ओळखीची पिशवी दारात दिसली की येतोच. मायकेल बालिंट नावाचे मूळचे हंगेरीचे डॉक्टर होते. त्यांनी १९५०च्या दशकात लंडनमध्ये फॅमिली डॉक्टरांना गोळा करून नेमक्या याच वैतागावर बोलायला लावलं. त्यांचं म्हणणं होतं की जनरल प्रॅक्टिसमध्ये सगळ्यांत जास्त वापरलं जाणारं औषध म्हणजे स्वतः डॉक्टर, आणि त्याचा डोस किती, दुष्परिणाम काय, हे कुठल्याच पुस्तकात नाही. असे गट आजही जगभर चालतात. आपल्याकडे तालुक्याच्या गावी चार डॉक्टर एकत्र आले की विषय जमिनीच्या भावावर जातो, हा भाग वेगळा.

मानसोपचार तज्ज्ञाकडे पाठवलं म्हणजे मला वेडं ठरवलं का?

नाही. उदासपणा आणि चिंता हे आपल्याकडे सहसा शरीराच्या भाषेत येतात: अंग मोडून येणं, जीव घाबरणं, डोकं जड, झोप नाही, तोंडाला चव नाही. गोव्यात झालेल्या अभ्यासांत पांढरं पाणी जाण्याची तक्रार करणाऱ्या अनेक बायांमध्ये जंतुसंसर्ग सापडला नाही, मनाच्या ताणाशी मात्र त्या तक्रारीचा घट्ट संबंध दिसला. अशा बाईला अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स देत राहिलं तर तिच्या फेऱ्या थांबणार कशा?

मी दोन प्रश्न विचारतो. गेल्या दोन आठवड्यांत मन उदास, निराश वाटलं का? आणि ज्या गोष्टी आवडायच्या त्यांत रस उरलाय का? उत्तरावरून पुढचं ठरतं. उदासपणावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि झोपेच्या गोळ्यांसारखं त्यांचं व्यसन लागत नाही. चिंतेवर, झोपेसाठी देतात त्या अल्प्राझोलामसारख्या गोळीची मात्र सवय लागते. ती वर्षानुवर्षं चालू असेल तर एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते. डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू कमी करावी लागते.

जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. घरबसल्या बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून आहे: चोवीस तास, मोफत, मराठीत.

कुणी ‘आता जगून काय करायचं’ असं बोललं तर विषय बदलू नका. मरावंसं वाटतं का, असं सरळ विचारा. विचारल्यानं कुणाच्या डोक्यात ते भरत नाही. आणि फवारणीचं औषध घरातून हलवून कुलपात ठेवा, आजच.

भगताकडे, देवऋषीकडेही जातो. चालेल का?

तिथे जीव शांत होत असेल तर मी अडवत नाही. चालू गोळ्या सोडायच्या नाहीत, डागून घ्यायचं नाही, आणि लहान मुलाला तर कुठल्याही कारणानं डागू द्यायचं नाही.

पोराला दर पंधरा दिवसांनी सर्दी होते. तोही या यादीत का?

पाच वर्षांखालच्या मुलाला वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी-खोकला होणं सर्वसाधारण आहे, अंगणवाडीत जायला लागल्यावर जरा जास्तच. वजन वाढतंय, खेळतोय, श्वास लागत नाही, तर दर खेपेला अँटिबायोटिक मागू नका. दर सोमवारी सकाळीच पोट दुखत असेल तर शाळेत काय चाललंय ते विचारा.

डॉक्टरांना त्रास नको म्हणून मी आता जायचंच टाळतो. बरोबर आहे का?

अजिबात नाही. छातीत दाब आणि दरदरून घाम, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, तोंड वाकडं होणं किंवा जीभ जड होणं, दम लागणं, काळं शौचास होणं, शुद्ध हरपणं: अशा वेळी तारखेची वाट पाहायची नाही, १०८ला फोन करायचा. कारण नसताना वजन उतरत असेल, गिळायला त्रास होत असेल, कुठे गाठ लागत असेल, तर त्याच आठवड्यात दाखवा. आधी कितीही वेळा येऊन गेला असलात तरी.

इतक्या फेऱ्यांचा खर्च विम्यात बसतो का?

बहुतेक विम्यांत ओपीडी बसत नाही, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत आणि रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. बीपी-शुगरच्या महिन्याच्या गोळ्या तिथून घ्याव्यात, असं मी माझ्या पेशंटांना सांगतो. खासगी डॉक्टरनं हे सांगावं याचं काहींना आश्चर्य वाटतं.

आमचे डॉक्टर दवाखाना बंद करून मुलाकडे पुण्याला चालले. आता?

वीस-पंचवीस वर्षांचे डॉक्टर गेले की नेहमी येणारे पेशंट सैरभैर होतात आणि दोन-तीन महिन्यांत चार दवाखाने हिंडतात. डॉक्टर जायच्या आधी त्यांच्याकडून एक पानाचं पत्र मागून घ्या. त्यात हे असावं: कोणते आजार पक्के आहेत, कोणत्या तपासण्या कधी झाल्या आणि नॉर्मल आल्या, चालू गोळ्यांची मूळ नावं आणि डोस, कशाची अ‍ॅलर्जी आहे, कुठली औषधं देऊन उपयोग झाला नाही, आणि भेट किती दिवसांनी ठरलेली होती. पत्राची झेरॉक्स घरी ठेवा. नव्या डॉक्टरकडे पहिल्यांदा जाताना काही दुखत नसताना जा, आणि गर्दीच्या दिवशी जाऊ नका. बाजारचा दिवस तर नकोच.